मंदीच्या काळात गावातल्या सेवाभावी संस्थांना मदत कशी करावी?

पीक हातचे जाते, भाव पडतात, बाजारात पैसा फिरत नाही, तेव्हा प्रत्येक घर आधी स्वतःचा खर्च कमी करते. त्यात पहिली कात्री बहुधा देणगीला लागते. पण त्याच दिवसांत गावातल्या वसतिगृहाच्या, वृद्धाश्रमाच्या किंवा अन्नछत्राच्या दारात येणाऱ्यांची संख्या वाढलेली असते. आवक कमी आणि मागणी जास्त, अशा कोंडीत छोटी संस्था सापडते. मोठ्या संस्थेकडे ठेवी असतात, शहरातले देणगीदार असतात. तालुक्याच्या गावातली संस्था मात्र दोन-तीन महिन्यांची उधारी थकली की बंद पडण्याच्या वाटेवर येते.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावात ही कोंडी स्पष्ट दिसते. ती का होते, महाराष्ट्राने अशा काळात पूर्वी काय केले, मदत देण्यापूर्वी काय तपासावे आणि थोड्या पैशांत जास्त उपयोग कसा होतो, याची ही माहिती.

थोडक्यात

- एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम संस्थेला जास्त उपयोगी पडते.
- शेतीवर चालणाऱ्या भागात संस्थांची खरी ओढाताण जून ते सप्टेंबर या काळात होते.
- देणगीपूर्वी नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षण अहवाल आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते पाहावे.
- ८०जी प्रमाणपत्र नाही म्हणजे संस्था बोगस आहे असे नाही.
- पैसे देणे शक्य नसेल तर हिशेब, कागदपत्रे, शिकवणी यांतली मदतही मोलाची असते.

औंढ्यात पैसा केव्हा येतो, केव्हा आटतो

औंढा नागनाथची ओळख बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या नागनाथाच्या हेमाडपंती मंदिरामुळे आहे. महाशिवरात्रीची यात्रा आणि श्रावणी सोमवार या दिवसांत बेल-फुले, प्रसाद, खेळणी, चहा-फराळ विकणाऱ्यांच्या हातात पैसा येतो. बाकीचा तालुका शेतीवर जगतो. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि हळद ही या भागातली मुख्य पिके. जिल्ह्यातल्या ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

या पिकांवरून गावातल्या पैशाचे वेळापत्रक ठरते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यात जाते. तूर जानेवारीच्या पुढे येते. हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून विक्रीला येईपर्यंत उन्हाळा लागतो. जून उजाडला की बियाणे, खते, मजुरी आणि मुलांच्या शाळेचा खर्च एकदम अंगावर येतो. जून ते सप्टेंबर या काळात बहुतेक घरांतून पैसा बाहेर जातो, आत येत नाही.

संस्थांचा खर्च नेमका याच वेळी वाढतो. शाळा जूनमध्ये सुरू होते. वसतिगृहात वह्या, गणवेश, अंथरूण-पांघरूण आणि महिन्याचा किराणा एकाच वेळी भरावा लागतो. दिवाळीत फराळ घेऊन येणारे बरेच असतात. जुलैत तांदळाचा कट्टा घेऊन येणारा क्वचित भेटतो.

त्यात वर्ष वाईट निघाले तर सगळे गणित कोलमडते. गेल्या काही वर्षांत हे वेगवेगळ्या कारणांनी घडले:

- कोरोना: मार्च २०२० पासून मंदिरे बंद होती. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. देवस्थानाच्या गावांचे दोन श्रावण ग्राहकाविना गेले.
- भाव: २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात मात्र अनेक ठिकाणी शेतकऱ्याला त्यापेक्षा कमी दर मिळाला.
- अतिवृष्टी: ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात मुसळधार पावसाने उभी पिके पाण्याखाली गेली. काढणीच्या तोंडावरचे नुकसान असल्याने दिवाळीचा पैसाच अनेक घरांत आला नाही.

गरज वाढते तेव्हाच देणगी का घटते?

स्थानिक संस्थेचे उत्पन्न प्रामुख्याने चार वाटांनी येते: गावातल्या लोकांची देणगी, बाहेरगावी गेलेल्या गावकऱ्यांची मदत, सरकारी अनुदान आणि ठेवींवरचे व्याज. मंदीत या चारही वाटा एकदम अरुंद होतात.

गावातली देणगी पिकावर अवलंबून असते, त्यामुळे ती आधी थांबते. पुण्या-मुंबईत काम करणाऱ्यांची नोकरी अडचणीत आली की तिकडचा ओघ आटतो. अनुदान वेळेवर येईलच असे नसते. व्याजाचे गणितही बदलते. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर आला आणि बँकांनी ठेवींचे दर कमी केले. समजा एखाद्या संस्थेची १० लाखांची कायम ठेव आहे. ७ टक्के दराने वर्षाला ७० हजार रुपये मिळतात, ५ टक्के दराने ५० हजार. कोणतीही चूक न करता संस्थेचे २० हजार रुपये गेले.

खर्चाची बाजूही पाहावी. उदाहरणादाखल ४० मुलांचे वसतिगृह घेऊ. एका मुलामागे दोन वेळचे जेवण आणि नाश्ता यांसाठी दिवसाला ६० रुपये धरले तर दिवसाचे २,४०० आणि महिन्याचे ७२ हजार रुपये होतात. किराणा १० टक्क्यांनी महागला तर दर महिन्याला ७,२०० रुपये जास्त लागतात. त्याच वर्षी आणखी दहा मुले आली तर खर्च महिन्याला ९९ हजारांच्या घरात जातो.

अशा वेळी कर्ज काढावे, असे कुणीही म्हणेल. पण सार्वजनिक न्यासाला तसे सहज करता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अ नुसार न्यासासाठी कर्ज घेण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची असेल तरी कलम ३६ नुसार आधी परवानगी घ्यावी लागते. न्यासाची मालमत्ता कुणी परस्पर विकू नये यासाठी ही अट योग्यच आहे. पण तिचा अर्थ असा की अडचणीच्या महिन्यात संस्थेपुढे दोनच मार्ग उरतात: देणगी किंवा किराणा दुकानदाराची उधारी.

उधारीही थांबली की आधी भाजी कमी होते, मग दूध बंद होते, मग नवी मुले घेणे थांबते. मराठवाड्यात याचा पुढचा टप्पा ठरलेला आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेले आई-वडील मुलाला सांभाळायला कुणी नसेल तर सोबत घेऊन जातात. मार्च-एप्रिलमध्ये ते मूल परत येते तेव्हा शाळेचे बहुतेक वर्ष संपलेले असते. बंद पडलेले वसतिगृह पुढच्या वर्षी पुन्हा उघडता येते. मुलाचे गेलेले वर्ष भरून येत नाही.

महाराष्ट्राने अशी वेळ पूर्वी कशी निभावली?

मराठी समाजाला दुष्काळ नवा नाही आणि त्यात एकमेकांना धरून राहण्याच्या रीतीही नव्या नाहीत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे धान्य कोठार लोकांसाठी खुले केले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

इतिहासात नोंद असलेले ठळक उदाहरण १८७६-७८ च्या दुष्काळाचे आहे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गावोगावी मदतकार्यात उतरले. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात या कामाचे वर्णन आहे. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी पुण्याजवळच्या धनकवडी येथील व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी लोकांना मदतीचे आवाहन केले. तिथे दुष्काळात उपाशी पडलेल्या मुलांना जेवण दिले जात होते.

आजच्या छोट्या संस्थांना सर्वांत जवळचा वाटावा असा धडा कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या मुष्टिफंडाचा आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. बहुजन मुलांच्या वसतिगृहासाठी एकरकमी पैसा देणारे लोक खेड्यात नव्हते. पण दळायला धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवणे कुठल्याही घराला शक्य होते. घरोघरची ती मूठ जमा झाली आणि त्यावर मुले जेवली. वसतिगृह अडचणीत असताना लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. पुढे १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ थांबवले. तेव्हाही संस्था टिकली, कारण तिची मुळे गावोगावच्या लोकांत होती.

१९७२ च्या दुष्काळात सरकारने दुष्काळी कामे काढली, सुकडी वाटली आणि त्या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला. एवढ्या मोठ्या संकटाला सरकारच पुरे पडू शकते, हे त्यातून दिसले. तरीही सरकारी यंत्रणेच्या नजरेतून सुटणारी माणसे नेहमीच असतात: एकटी म्हातारी, आई-वडील नसलेले मूल, घरातून बाहेर काढलेली बाई. त्यांच्यापर्यंत गावातली संस्था आधी पोचते.

अलीकडच्या काळात २०१५ च्या दुष्काळी वर्षात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी नाम फाउंडेशन सुरू केले. ‘लोकसत्ता’ दैनिक २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात निवडक संस्थांची ओळख करून देते आणि वाचक त्यांना थेट मदत करतात. मराठवाड्यातच पाहायचे तर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी बीड जिल्ह्यातील आर्वीचे ‘शांतिवन’, एचआयव्हीबाधित मुलांसाठी लातूर जिल्ह्यातील हासेगावचे ‘सेवालय’, अंबाजोगाईची ‘मानवलोक’ अशा संस्था लोकांच्या आधारावर उभ्या राहिल्या.

मोठे नाव पाठीशी असले की मदत लवकर येते. ज्या संस्थेचे नाव वर्तमानपत्रात कधी आले नाही, तिला मात्र आसपासच्या दहा गावांचाच आधार असतो. म्हणून स्थानिक देणगीदाराचे महत्त्व वेगळे आहे.

देणगीपूर्वी काय तपासावे?

तपासणी करणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. चांगली संस्था हे प्रश्न विचारणाऱ्याचे स्वागतच करते.

१. नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात सेवाभावी काम करणारा न्यास किंवा संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असते. पावतीवर ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक आणि जिल्ह्याचे नाव असते. संस्था म्हणून नोंदणी असेल तर ‘महा’ने सुरू होणारा क्रमांकही दिसतो. शंका आल्यास धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर किंवा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात खात्री करता येते.

२. लेखापरीक्षण अहवाल. मागच्या वर्षाचा जमा-खर्च पाहायला मागावा. आकडे फार कळले नाहीत तरी पगार, किराणा, वीज, प्रवास यांवर किती खर्च झाला ते दिसते. काही लाखांची उलाढाल असलेल्या संस्थेत सत्कार-समारंभांवर जास्त खर्च दिसला तर प्रश्न विचारावा.

३. बँक खाते. खाते संस्थेच्या नावाचे असावे. अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नयेत.

४. मुलांच्या संस्थेचा परवाना. अनाथ किंवा निराधार मुले ठेवणाऱ्या बालगृहाला बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली वेगळी नोंदणी लागते. फक्त न्यासाची नोंदणी पुरेशी नाही.

५. प्रत्यक्ष भेट. सणाच्या दिवशी न जाता एखाद्या साध्या मंगळवारी जावे. स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि हजेरीपट पाहिला की बरेच कळते.

नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावरही संस्थांची यादी आहे. पण तिथे नाव असणे म्हणजे कामाच्या दर्जाचे प्रमाणपत्र नाही. आणि नाव नसणे हा दोषही नाही.

किती, केव्हा आणि कशी द्यावी?

ज्याच्या स्वतःच्या घरात ओढ आहे, त्याने कर्ज काढून दान करावे अशी कुणाचीच अपेक्षा नसते. मुष्टिफंडाचे तत्त्व इथे उपयोगी पडते: झेपेल तेवढे, पण नियमित.

- दरमहा ठरलेली रक्कम. पंचवीस जणांच्या मित्रमंडळाने प्रत्येकी महिना २०० रुपये दिले तर ५,००० रुपये होतात. वर्षाचे ६०,००० रुपये. संस्थेला या रकमेचा भरवसा असतो आणि त्यावर दुकानदाराशी व्यवहार ठरवता येतो. बँकेत स्थायी सूचना किंवा यूपीआयवर ऑटोपे लावले की आठवण ठेवण्याची गरज राहत नाही.
- वेळ. वर्षातून एकदाच देणे शक्य असेल तर जून-जुलै निवडावा. वाढदिवस किंवा पुण्यतिथी डिसेंबरात असली तरी रक्कम पावसाळ्यात देता येते.
- अट न घालता. ‘या पैशांतून फक्त पंखेच घ्या’ अशी अट घातली तर संस्था पंखे घेते, पण वीजबिल थकलेलेच राहते. तपासून विश्वास बसला असेल तर खर्च कुठे करायचा ते संस्थेवर सोडावे. स्वयंपाकीण, काळजीवाहक, शिक्षक यांचे पगार हाही सेवेचाच खर्च आहे.
- अन्नदानाची विभागणी. श्रावणात आणि महाशिवरात्रीला पंगती उठवणारे पुष्कळ असतात. त्यातला एक वाटा एखाद्या वसतिगृहाच्या ऑगस्टच्या किराण्याकडे वळवला तर तेच अन्नदान महिनाभर पुरते.

वस्तू द्यायच्या असतील तर

शेतकऱ्याच्या घरी रोकड नसली तरी धान्य असते. सुगीनंतर दिलेली ज्वारी, गहू, तूरडाळ, हळद संस्थेला थेट उपयोगी पडते. डाळ करून, निवडून, कोरड्या पोत्यात दिली तर अधिक चांगले. साठवणीची सोय आहे का, हे आधी फोन करून विचारावे. पाच जणांनी एकाच दिवशी भाजी आणली तर निम्मी वाया जाते.

नको असलेल्या वस्तू संस्थेवर ओझे होतात. फाटके कपडे, मुदत संपलेली किंवा उघडलेली औषधे, मोडकी सायकल, आदल्या दिवशीचे लग्नातले उरलेले अन्न देऊ नये. उरलेले अन्न द्यायचेच असेल तर ते त्याच दिवशी, काही तासांच्या आत आणि आधी कळवून पोचवावे. सॅनिटरी पॅड, साबण, खोबरेल तेल, अंगावर घ्यायच्या चादरी, स्टीलची ताटे या वस्तू कुणी फारशा देत नाही आणि त्या कायम लागतात.

करसवलत मिळते का?

आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०जी खाली मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर वजावट मिळते. बहुतेक स्थानिक संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या ५० टक्के असते आणि तिला उत्पन्नाशी जोडलेली कमाल मर्यादा आहे. २०,००० रुपये दिले तर १०,००० रुपये करपात्र उत्पन्नातून कमी होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीचा कर त्यामुळे साधारण २,००० रुपयांनी कमी होतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर वजावट मिळत नाही. धान्य, कपडे अशा वस्तूंवर वजावट नाही. आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतात, म्हणून विवरणपत्र भरताना करसल्लागाराला विचारावे.

सवलत हवी असेल तर संस्थेकडून केवळ पावती घेऊन भागत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे फॉर्म १०बीडी भरावा लागतो आणि देणगीदाराला फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागते. दोन्हींची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३१ मे पर्यंत असते.

ज्याने नवी करप्रणाली घेतली आहे किंवा ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याला ८०जी असल्या-नसल्याने फरक पडत नाही. अशा देणगीदाराने केवळ त्या कारणाने छोट्या संस्थेला नकार देऊ नये.

सोशल मीडियावरची आवाहने

संकटाच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर मदतीचे संदेश वेगाने फिरतात. त्यांतले काही खरे असतात, काही जुने, काही फसवे.

- पुढे पाठवण्यापूर्वी संदेशातली तारीख आणि संस्थेचा पत्ता पाहावा. दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालेली गरज आजही फिरत असते.
- क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारे नाव संस्थेचेच आहे का ते पाहूनच पैसे पाठवावेत. चित्रातला कोड बदलून तोच संदेश पुढे पाठवला जाऊ शकतो.
- पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘मदत जमा करतो, पिन टाका’ असे सांगणारा फसवतो आहे. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.
- बालगृहातील मुलांचे ओळखता येतील असे फोटो किंवा नावे टाकू नयेत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पोत्यांचा, पावतीचा किंवा इमारतीचा फोटो पुरेसा आहे.
- मंडळाने किंवा गटाने स्वतः वर्गणी गोळा करायची असेल आणि त्याची नोंदणी नसेल, तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणेश मंडळे घेतात तीच ही परवानगी.

पैसे नसतील तर काय देता येईल?

लहान संस्थांना पैशाइतकीच कमतरता हिशेबाची आणि कागदपत्रांची असते. फॉर्म १०बीडी उशिरा भरला तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागते. विश्वस्त बदलल्याची नोंद ९० दिवसांत करावी लागते. ज्या संस्थेत एकच माणूस स्वयंपाकापासून दवाखान्यापर्यंत धावतो, तिथे हे कागद मागे पडतात आणि त्याचा भुर्दंड मुलांच्या ताटातून जातो. महिन्यातून दोन संध्याकाळी हिशेब लिहून देणारा वाणिज्य पदवीधर अशा संस्थेचे काही हजार रुपये वाचवतो.

दहावीच्या मुलांना गणित शिकवणे, वृद्धांना तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, वायरिंग दुरुस्त करणे, मोंढ्यातून घाऊक दरात धान्य आणून देणे, ही सगळी मदतच आहे. ठरवलेला दिवस पाळणे मात्र महत्त्वाचे. एकदा येऊन न फिरकणाऱ्या ताई-दादाची मुले वाट पाहत राहतात.

गरजू माणसाला योग्य ठिकाणी पोचवणेही उपयोगाचे. संकटातल्या मुलासाठी १०९८ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे मदत क्रमांक आहेत. कलम ४१ अअ खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला रुग्ण हलवण्याआधी हे माहीत असले तर एखाद्या घराची जमीन गहाण पडण्यापासून वाचू शकते.

संस्थांनी काय करावे?

देणगीदार टिकवण्याची जबाबदारी संस्थेचीही आहे. बऱ्या वर्षात निदान तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवावी. दर महिन्याला जमा-खर्चाचे एक पान फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर लावावे. ‘मदत करा’ एवढेच म्हणण्याऐवजी ‘या महिन्यात ६ क्विंटल गहू हवा, २ मिळाला’ असे लिहिले तर देणाऱ्याला नेमके कळते. शंभर रुपयांचीही पावती द्यावी. शेजारच्या दोन-तीन संस्थांनी मिळून घाऊक खरेदी केली तर सगळ्यांचा खर्च कमी होतो. आणि अडचण असेल तर ती वेळेवर सांगावी. उधारी सहा महिने थकल्यावर मागितलेली मदत बहुधा उशिरा पोचते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्वतः अडचणीत असताना देणगी थांबवली तर चालेल का?
चालेल. फक्त संस्थेला आधी कळवावे. ‘पुढचे चार महिने जमणार नाही’ एवढे कळले तरी तिला दुसरी सोय करायला वेळ मिळतो.

मोठ्या संस्थेला द्यावे की गावातल्या?
भूकंप, पूर अशा मोठ्या आपत्तीत मोठ्या संस्थेची यंत्रणा लागते. रोजच्या जेवणासाठी, शाळेसाठी, म्हाताऱ्या माणसासाठी गावातली संस्था जवळची. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

परदेशात राहणाऱ्यांना गावातल्या संस्थेला पैसे पाठवता येतात का?
भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, ओसीआय कार्ड असले तरी, परदेशी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. बहुतेक छोट्या संस्थांकडे ती नसते, म्हणून आधी विचारून घ्यावे.

संस्थेपेक्षा गरजू कुटुंबाला थेट मदत केली तर?
ओळखीच्या घराला थेट मदत जरूर करावी. पण मुलाला वर्षभर ठेवून घेणे, औषधोपचार चालू ठेवणे यांसारखी कामे एका माणसाच्या आवाक्याबाहेरची असतात. त्यासाठी संस्था लागते, आणि ती वाईट वर्षातही चालू राहावी लागते.

औंढ्यासारख्या गावात पुढचा जून कसा जाईल हे पावसावर आणि मोंढ्यातल्या भावावर ठरते. त्या जूनमध्ये वसतिगृहाची चूल पेटती राहील का, हे मात्र बऱ्याच अंशी आसपासच्या पन्नास-शंभर घरांनी दर महिन्याला बाजूला काढलेल्या मुठीवर ठरते.